पाठीचा फोटो

आत्याला खरं तर "नाही" म्हणायचं होतं. पण समोरची मुलगी सकाळपासून उभी होती. त्वचाविभागाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या एकेका पेशंटला गाठून ती तोच प्रश्न विचारत होती, आणि लोक माशी वारावी तसं तिला वारत होते. आत्यापाशी येईपर्यंत बिचारीचा आवाज पार बसला होता.

"तुमच्या आजारावर लक्ष ठेवणारं अ‍ॅप मोबाईलवर मिळालं, तर वापराल का?"

"त्यानं खाज जाईल?"

"नाही हो. पण कधी वाढते, कशानं वाढते ते कळेल. फोटो काढून ठेवता येतील, ते डॉक्टरांना दिसतील."

"म्हणजे दुखणं माझं आणि चौकशा त्याला."

मुलगी दिवसभरात पहिल्यांदा हसली असावी. "नक्की वापरेन, कदाचित वापरेन, की नाही? काय टाकू?"

"कदाचित टाक," आत्या म्हणाली. "आणि आधी दोन घोट पाणी पी."

कदाचित हा शब्द भारी फसवा. नाही म्हणणाऱ्याला लोक सोडून देतात, हो म्हणणाऱ्याला गृहीत धरतात, पण कदाचित म्हणणाऱ्याच्या हात धुऊन मागे लागतात. पुढच्या तपासणीला आत्या गेली तेव्हा त्याच मुलीनं गोड बोलून ते अ‍ॅप तिच्या मोबाईलमध्ये घालून दिलं. दर रविवारी अंगाचे फोटो काढायचे, अधूनमधून खाज किती आहे ते शून्यापासून दहापर्यंत सांगायचं, आणि काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. बस, एवढंच.

नात्यानं पाहिलं तर ती एकाच मुलीची आत्या होती, थोरल्या भावाच्या मुलीची. पण त्या मुलीनं लहानपणी जिना चढता-उतरता एवढ्या हाका मारल्या, की सगळी इमारत तिला आत्या म्हणायला लागली, आणि इमारतीतून ते नाव दुकानापर्यंत पोचलं. दुकान चष्म्याचं होतं. आत्या तिथं मागच्या खोलीत मशीनवर बसून काचांच्या कडा घासायची आणि त्या फ्रेममध्ये बसवायची. पूर्वी ती पुढे काउंटरवर असायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, काड्या कानामागे नीट बसतात का ते बोटांनी चाचपून बघायची. तिच्या हाताला त्यात गुण होता. पण सोरायसिसचे चट्टे कोपरांवरून हळूहळू मनगटांवर आणि बोटांच्या पेरांवर उतरले, आणि एक दिवस एका बाईनं तिची बोटं कानाजवळ येताच मान झटकन मागे घेतली. दुसऱ्या दिवशी आत्यानं मालकाला सांगितलं, "मला मागचं मशीन द्या. काचेला कसली किळस नसते."

घरी भाऊ, वहिनी आणि ती. भाची शिकायला परगावी. भाऊ बेकरीची गाडी चालवायचा, भल्या पहाटे जायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा, आणि घरातल्या दोन बायकांमध्ये तोंड घालायचं नाही हा त्याचा पक्का नेम होता. वहिनी खिडकीपाशी मशीन टाकून लोकांचे कपडे सैल-तंग करून द्यायची. नणंद-भावजयीत भांडण असं कधीच झालं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं. ह्या दोघी पहिल्या दिवसापासून एकमेकींना "वन्सं, तुम्ही" आणि "वहिनी, तुम्ही" म्हणत, एकमेकींना चहा विचारत, आणि आपापल्या कामाला लागत.

आणि ती निळी बादली होती. घरातले सगळे कपडे एकत्र धुतले जायचे, आत्याचे मात्र त्या निळ्या बादलीत, वेगळे, सगळ्यांच्या नंतर. वाळतही घातले जायचे दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला. आत्यानं ह्याचं कारण कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? अंगाचा कोंडा चादरीवर पडतो, कॉलरवर पडतो, तो कुणाला आपल्या कपड्यांत हवा असेल? तिनं आपलं हळूहळू सगळंच वेगळं करून टाकलं. स्वतःची खुर्ची, स्वतःचा टॉवेल, खोलीत गेलं की दाराला कडी.

तर पहिला रविवार आला. हातांचे फोटो झाले, कोपरांचे झाले, गुडघ्यांचेही झाले. मग अ‍ॅपनं पाठ मागितली.

आत्यानं मोबाईल खांद्यावरून मागे नेऊन बटण दाबलं. फोटोत कपाटाचं हँडल आलं. मग मोबाईल डब्याला टेकवून आरशासमोर उभी राहिली, तर पंखा आला. तिसऱ्या खेपेला कान आला, चांगला स्पष्ट. अक्षरं बारीक म्हणून भाचीनं फोनवरून सांगून अ‍ॅपचा आवाज चालू करून दिला होता, आणि अ‍ॅपला दम म्हणून नव्हता. ते खणखणीत आवाजात म्हणालं, "कृपया कॅमेऱ्याकडे पाठ करा."

स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट थांबली.

"वन्सं? आत कोण आहे?"

"कोणी नाही, वहिनी!"

"मग पाठ करा म्हणून कोण सांगतंय?"

"मोबाईल!"

मग वहिनीनं दारावर टकटक केलं. आत्याची अवस्था अशी, की एक हात ब्लाउजमध्ये, एक बाहेर, मोबाईल हनुवटीखाली दाबलेला. कडी काढायची तर हात मोकळा हवा, आणि हात मोकळा करायचा तर मोबाईल खाली पडणार. कशीबशी कडी काढून तिनं टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हॉस्पिटल, मुलगी, कदाचित, पाठ.

"तुमची लेक म्हणाली होती तुम्हाला सांग म्हणून," ती शेवटी म्हणाली. "पण म्हटलं, उगीच तुम्हाला त्रास."

"आणा इकडे," वहिनी म्हणाली. "आणि टॉवेल काढा. टॉवेलचा फोटो नाही मागत तो."

आत्या आरशाकडे तोंड करून बसली आणि डोळे मिटून घेतले. पाठीवर आता काय काय झालं असेल, तिचं तिलाच माहीत नव्हतं. हात पोचेल तिथं औषध, न पोचेल तिथं पट्टीला कापूस गुंडाळून. मागे मोबाईलचा कट्कट् आवाज आला, आणि मग तो थांबला.

"हे ओरखडे कसले?"

"रात्री झोपेत होतात. नखांनी."

"औषध कुठंय?"

"राहू दे, वहिनी, मी लावते."

"कसं लावणार? हात काय उलटे आहेत तुमचे?"

आणि वहिनीनं मलम बोटांवर घेऊन तिच्या पाठीला लावायला सुरुवात केली. बोटं शिवणकामानं खरबरीत झालेली, पण हात हलका. आत्याच्या पाठीला माणसाचा हात लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे. ती ताठ बसून राहिली. हलली तर हात उचलला जाईल असं तिला वाटत होतं.

मग अ‍ॅपनं फोटो काढणाऱ्याचा नंबर मागितला, आठवण करायला बरं म्हणून. वहिनीनं आपला दिला. मग प्रश्न सुरू झाले. झोप कशी लागते, पाणी किती पिता. आणि मग, "तुमचे कपडे कोणत्या साबणाने धुतले जातात?"

"घरातल्याच," आत्या म्हणाली.

"चुकीचं आहे ते," मागून वहिनी म्हणाली. "तुमचे वेगळ्या साबणानं धुते मी. तान्ह्या बाळांचे धुतात ना, त्यानं. वर दोनदा स्वच्छ पाण्यातून काढते."

"वेगळ्या?"

"अहो, तुमचं अंग एकदा सोलून निघालं होतं, ॲडमिट केलं होतं, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की कपड्यांची पावडर ह्यांना सोसत नाही. एका बादलीत धुतलं की पावडरीचा अंश राहतोच. म्हणून तर बादली वेगळी केली. आणि वाळत घालते टोकाला, तिथं दुसऱ्यांचं ठिबकत नाही."

आत्या वळली. पुढचं वाक्य गिळायला हवं होतं, पण जीभ घसरली ती घसरलीच.

"मला वाटलं, तुम्हाला किळस येते."

वहिनीच्या हातात अजून मलमाची ट्यूब होती. तिनं टोपण लावलं. ट्यूब कपाटावर ठेवली.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "हे मनात धरून माझ्या हातचं जेवलात?"

आणि ती निघून गेली. त्या संध्याकाळी शिवणाचं मशीन नको तितक्या जोरात चालत होतं. भावानं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या दाराकडे पाहिलं, आणि पेपर डोळ्यांसमोर धरला.

माणूस चुकला की पाय धरतो, नाहीतर काहीतरी भलतंच करून बसतो. आत्यानं भलतं केलं. आपण हिला वर्षानुवर्षं राबवलं आणि वर तिलाच मनातल्या मनात नावं ठेवली, ह्याची तिला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी वहिनी उठायच्या आत तिनं आपले कपडे आपणच धुऊन टाकले. बाळांचा साबण कुठं असतो ते माहीत नव्हतं. विचारायचं तर कुठल्या तोंडानं? तिनं समोरची पावडर घेतली. त्या दिवशी घेतली, पुढच्या दिवशी घेतली, आठवडाभर घेतली. वहिनीनं रिकामी निळी बादली पाहिली, पण बोलणं बंद होतं, म्हणून ती गप्प राहिली.

आठवडा सरता सरता आत्याच्या दंडांवर लाल चकंदळं उठली आणि पाठीवर कुणी निखारे पसरल्यासारखं झालं. दुपारी दुकानात मोबाईलनं विचारलं, आज खाज किती? माणसांना खोटं सांगायची तिला सवय होती. "बरंय हो, चालायचंच," हे तिचं ठरलेलं उत्तर. मोबाईलशी काय खोटं बोलायचं म्हणून तिनं खरं ते टाकलं, आठ, आणि पुन्हा काच मशीनवर धरली.

काच अजून अर्धीही घासून झाली नव्हती, तोच मोबाईल वाजला. वहिनी. वहिनीनं तिला दुकानात आजवर कधीच फोन केला नव्हता. दादाला काही झालं की काय?

"आठ काय आठ?" वहिनी ओरडली.

"अं?"

"मला इथं मोबाईलवर आलंय. तुमच्या माणसाला आज त्रास जास्त आहे, आठ. गेल्या रविवारी चार होतं. काय केलंत?"

"काही नाही."

"कपडे कशानं धुतले?"

आत्यानं हातातली काच खाली ठेवली.

"त्या पावडरीनं? अहो, मी रागावले होते, मेले नव्हते! मागितला असतात तर साबण दिला नसता मी?" आणि इथं वहिनीचा आवाज एकदम चिरकला. "घरी ये. ऐकलंस? मालकाला सांग आणि आत्ताच्या आत्ता घरी ये गं."

आत्यानं मशीन बंद केलं. मालकाला काय कारण सांगितलं ते तिला नंतर आठवेना. रस्त्यानं चालताना तिच्या कानात तेवढंच घोळत होतं. ये गं.

घरी वहिनीनं गार पाण्यात पिळलेली सुती फडकी तयार ठेवली होती. आत्याला पालथी झोपवून तिनं ती पाठीवर पसरली. मग वहिनीच म्हणाली, "तू म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं."

"काय?"

"किळस. सुरुवातीला वाटायची मला. लग्न होऊन नवी आले होते, मला वाटायचं लागट आहे. मग डॉक्टरांनी सांगितलं, हे कुणाला लागत नाही. तेव्हा मनातलं सगळं गेलं. पण तोवर तू दाराला कडी घालायला शिकली होतीस. मला वाटलं, हिला मीच नकोय."

आत्याचं तोंड उशीत होतं. "मला वाटायचं, तुम्ही सुटाल. दार लावलं की."

"तुझ्या दादाला सांगितलं असतंस तरी त्यानं मला सांगितलं असतं."

"दादा?" आत्या म्हणाली. "दादानं आजवर कुणाला काय सांगितलंय?"

वहिनीला हसू फुटलं. पलीकडच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज झाला, आणि मग घोरणं जरा जास्तच मोठ्यानं सुरू झालं, तेव्हा आत्याही हसली. हसताना पाठ हुळहुळली, पण तरी ती हसत राहिली.

मग रविवारचे फोटो नियमानं निघू लागले. तपासणीच्या दिवशी वहिनी हातातलं काम टाकून बरोबर गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण पाठीचे फोटो उघडल्यावर त्या थांबल्या.

"पाठीवर एवढं आहे? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही हात दाखवा म्हणायचात, मी हात दाखवायची," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग आत्याला पडद्यामागे नेऊन नीट तपासलं, आणि सांगितलं की एवढ्या भागाला नुसत्या मलमानं भागणार नाही. रक्ताच्या तपासण्या करून इंजेक्शनं सुरू करू. पूर्ण जाणार नाही, परत उलटेलही, पण बराच आराम पडेल. उठता उठता त्या म्हणाल्या, "फोटोंचा फार उपयोग झाला. फक्त जरा अस्पष्ट येतात. चट्ट्याची कड नीट दिसत नाही."

"मोबाईल जुना आहे," वहिनी लगेच म्हणाली.

हाताचे फोटो आत्या स्वतः काढायची, ते लख्ख आले होते. मोबाईल तोच होता. घरी आल्यावर ती खिडकीजवळ बसून वहिनीकडे नुसती बघत राहिली. वहिनीनं सुई घेतली, हात लांब केला, आणखी लांब केला, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि दोऱ्याचं टोक सुईच्या शेजारून हवेत घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग सवयीनं ओठांत दोरा भिजवून पुन्हा.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर गावाला चष्मे करून द्यायचे, आणि घरात एक बाई कधीपासून चाचपडत शिवतेय ह्याचा आपल्याला पत्ता नाही. बघायचं तर तिच्याकडे मान वर करून बघायला हवं होतं ना.

"वहिनी, उद्या दुकानात चला. डोळे तपासू."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"सुईत दोरा ओवून दाखवा. मग नाही म्हणा."

वहिनीनं सुई उचलली, तिच्याकडे रागानं पाहिलं, आणि खाली ठेवली.

मालकानं डोळे तपासले. जवळचा नंबर चांगलाच निघाला. काचा आत्यानं मागच्या मशीनवर स्वतः घासल्या, आणि एरवी एका काचेला लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्यांना दिला. फ्रेम हलकी निवडली, वहिनीला वाकून काम करावं लागतं म्हणून नाकाच्या पट्ट्या मऊ घातल्या. पण चष्मा घालून बघायला काउंटरवरच यावं लागतं. वहिनी स्टुलावर बसली. शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं होती. आत्या फ्रेम घेऊन पुढे आली आणि थांबली. इंजेक्शनांचा अजून फारसा गुण दिसत नव्हता. बोटांच्या पेरांवर चट्टे होते तसेच होते.

"घाल ना," वहिनी म्हणाली, आणि तोंड पुढे केलं.

आत्यानं फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. काड्या कानांवरून मागे नेल्या, बोटांनी कानामागे चाचपून पाहिलं, डावी काडी जरा टोचत होती ती काढून, गरम करून, वाकवून पुन्हा बसवली. वहिनी डोळे मिटून बसली होती, लहान मूल केस विंचरून घेताना बसतं तशी. मग तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा आत्याकडेच बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "केस पांढरे झाले की तुझे!"

दुकानातली सगळी हसली. शेजारच्या गिऱ्हाइकानं आत्याला विचारलं, "माझीही काडी टोचतेय हो, बघता का?" आत्यानं क्षणभर मालकाकडे पाहिलं. मालक काचा पुसत होता आणि त्याला काही ऐकू आलेलं नव्हतं, निदान त्यानं तसं दाखवलं. तिनं हात पुसले आणि चष्मा हातात घेतला.

पुढचा रविवार आला तेव्हा वहिनीनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चष्मा लागल्यापासून तिला कोपऱ्याकोपऱ्यात धूळ दिसत होती, टाइलांच्या फटी दिसत होत्या, भावाच्या शर्टावरचे बेकरीचे जुने डाग दिसत होते, आणि तो बिचारा फडकं घेऊन शिडीवर उभा होता. चहा झाल्यावर ती हात धुऊन आत्याच्या खोलीत आली. दार उघडंच होतं. आत्यानं केस पुढे घेतले आणि पाठ केली.

वहिनीनं मोबाईल लगेच उचलला नाही. ती वाकून बघत राहिली.

"एवढं होतं हे? मी इतके दिवस काय बघत होते कोण जाणे."

"फार वाईट आहे का?"

"थांब, बघू दे." तिचं बोट पाठीवरून सावकाश फिरलं, खांद्यापासून मणक्यापर्यंत, एका जागी थांबलं, पुन्हा फिरलं. "इथं नवी कातडी आलीय गं. बारीक आहे, नखाएवढी. पण मऊ आहे."

"खरं?"

"मग खोटं सांगेन? आता दिसतंय ना मला."

बाहेर शिडीवरून भाऊ विचारत होता, आता उतरू का. वहिनी अजून बघत होती, आणि आत्याला कसलीच घाई नव्हती.